पंचमीला बांधलेलं वल्हं

उकंडरावांच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती, अंगठा आणि करंगळी. मधली तीन माझ्यामुळे गेली. हिवऱ्यात कोणालाही विचारलंत तर तो नागाचं नाव सांगेल, नाहीतर नदीचं, नाहीतर खुद्द उकंडरावांचं. माझं नाव कोणी घेणार नाही, कारण ते मी कोणाला घेऊच दिलं नाही. पुरी तीन वर्षं तोंड शिवून बसलो. आज हे लिहितो आहे ते मी फार प्रामाणिक माणूस आहे म्हणून नव्हे, आणि झोप लागत नाही म्हणूनही नव्हे. झोप मला उत्तम लागते. लाज वाटते ती त्याचीच.

जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या. मला चिखलीच्या घरातून उचललं आणि खडकपूर्णेच्या पलीकडे हिवऱ्याच्या शाळेवर टाकलं. दुसरबीडपर्यंत मोटार, तिथून अडीच कोस पायी, मग नदी. उन्हाळ्यात ही नदी म्हणजे वाळूतला ओघळ, पोरं उड्या मारून ओलांडत. पावसाळ्यात मात्र दोन पुरुष पाणी चढे, आणि हिवऱ्याचे चार महिने एका डोंग्यावर आणि एका वल्ह्यावर निघत. चिखलीत माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. सुलभा तिकडे, मी इकडे, मध्ये ही नदी. मला त्या गावातली एकही गोष्ट आवडत नव्हती. अपवाद एकच, उकंडराव.

आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं यांना जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीच्या हातून परत घेतलं. टाकलेल्या पोराला काळ हात लावत नाही म्हणतात. म्हणून नाव उकंडा, आणि वय झाल्यावर उकंडराव. ते स्वतःच सांगत, "मास्तर, ज्याले उकिरड्यानं ठेवून घेतलं नाई, त्याले नदी काय ठेवून घेईन?" नऊ एकर कोरडवाहू, दोन बैल, जवारी आणि तूर. हाडाचे शेतकरी. डोंग्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता. पूर्वी गावात डोंगा हाकणाऱ्या भोयांचं एक घर होतं, ते पोटापाठी जालन्याकडे गेलं आणि डोंगा काठावर उलटा पडून राहिला. तो यांनी उचलला, कारण कोणीतरी उचलायलाच हवा होता.

पण वल्हं हातात घेतल्यावरही माणूस शेतातलाच. ऐन धारेत डोंगा अडला की जिभेनं टकटक करायचे, बैलाला करतात तसं. वळायचं असलं की "हां राजा, हां" म्हणायचे. बायका पदर तोंडाला लावून हसत. पावसाळा सरला की वल्हं धुवायचं, जवसाचं तेल पाजायचं आणि घरात तिफणीशेजारी टांगायचं. अकरा पावसाळे त्यांनी गाव वाहिलं आणि एकाही माणसाची टोपी ओली झाली नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलत नसत, पण दुसऱ्या कोणी बोललं की शांतपणे ऐकून घेत. तेवढंच त्यांचं ऐश्वर्य होतं. दुसरं म्हणजे वच्छला, एकुलती एक लेक. दुसरबीडच्या अलीकडल्या एका खेड्यात दिली होती. दरसाल नागपंचमीला माहेरी यायची.

त्रेसष्ट सालच्या पंचमीच्या आदल्या दिवशी मला बुलढाण्याच्या मित्राचं पत्र आलं. बदलीचं जमतंय, साहेब परवा संध्याकाळपर्यंत कचेरीत आहेत, मग पंधरा दिवस दौऱ्यावर, जमेल तितक्या लवकर ये. मी सकाळी उठून थेट घाटावर गेलो. उकंडराव वारुळाला दूध घालायला गेले होते. रात्री पाणी उतरल्यानं डोंग्याचं नाक चिखलात रुतलं होतं. म्हटलं, ते येईपर्यंत आपण डोंगा मोकळा करून ठेवू, वेळ वाचेल. वल्हं डोंग्याखाली घातलं, पहार घालतात तसं, आणि दांड्यावर सगळा भार टाकून बसलो. पात्याच्या वर वीतभर अंतरावर दांडा कट्‌दिशी मोडला.

भोवती कोणी नव्हतं. इथपर्यंत जे झालं तो मूर्खपणा होता, आणि मूर्खपणाची शिक्षा फार तर चार शिव्या. पुढे मी जे केलं ते विचार करून केलं. दोन्ही तुकडे उचलले, चिंचेखाली जिथून गुरं पाण्याला उतरतात त्या वाटेवर नेले, एकमेकांना नीट जुळवून आडवे ठेवले, आणि मागल्या वाटेनं शाळेत गेलो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती हेही माझ्या लक्षात नव्हतं.

दुपारी त्यांच्या घरी गेलो तर उकंडराव ओट्यावर मांडीवर दोन तुकडे घेऊन बसलेले.

"माहीच चूक झाली, मास्तर," ते म्हणाले. "झाडाले टेकवून ठेवलं असं वाटते, पण सापडलं वाटेवर. म्हशीनं पाय देल्ला असन. वय झालं, दुसरं काय!"

"होतं असं," मी म्हणालो.

होतं असं! आजही कोणी सहज हे दोन शब्द बोललं तर मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आता नागपंचमीचा नेम ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. त्या दिवशी आमच्याकडे काही कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही, नांगरायचं नाही. विळी आडवी करून ठेवतात. तवासुद्धा चुलीवर चढत नाही, उकडलेली दिंडं खायची. न जाणो कुठे नाग असेल आणि त्याला धार लागेल. शंकर सुताराकडे उकंडराव जाऊन आले होते. त्यानं हात जोडले. "उद्या सकाळी वाकस उचलतो, दुपारपर्यंत नवा दांडा करून देतो. सोनं देल्लं तरी आज नाई." उकंडरावांनाही ते पटलं होतं. एक दिवस डोंगा बंद राहिला तर जग बुडत नव्हतं.

बुडत होतो मी. दुपारपर्यंत थांबलो तर मोटार गेली, मोटार गेली तर साहेब गेले. मी शिकलेला माणूस, शब्दांची कमतरता कधीच नव्हती.

"उकंडराव," मी म्हणालो, "कापायला बंदी आहे. बांधायला कुठे आहे?"

त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. स्वयंपाकघराच्या दारातून रुखमाबाई, त्यांच्या घरधनीण, म्हणाल्या, "बांधनंबी कामच हाय ना?"

"काम कसं? धार कुठे लागते त्यात?" मी म्हणालो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

उकंडराव माझ्याकडे पाहून हसले. मास्तरांना घरची ओढ लागली आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. माझ्यासाठीच ते उठले. माळ्यावरून मोडक्या तिफणीच्या बाभळीच्या चार पट्ट्या काढल्या. आढ्यावरची कच्च्या कातड्याची लांब वादी काढली आणि घंगाळात भिजत घातली. नांगराचा रुमणा, म्हणजे धरायची मूठ, फुटला, जू तडकलं, की हेच करायचं: ओली वादी ताणून गुंडाळायची, ती वाळली की आवळते आणि लोखंडासारखी धरून बसते. शेतकऱ्याच्या घरात याहून पक्का सांधा नाही. सांध्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या लावल्या. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. ते वेढा टाकत आणि म्हणत, "वढा मास्तर, वढा, मास्तरकी राहू द्या." मी तळपायानं उंबऱ्याला रेटा देऊन ओढत होतो. वच्छला पोराला घेऊन बाजूला बसली होती, आमची फजिती पाहून हसत होती. खरं सांगतो, ती दुपार मला आवडली. आपण मोडलेलं आपणच दुरुस्त करतो आहोत, म्हणजे फिटंफाट झाली, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

वादी उरली दोन हात. कापायची तर सोय नव्हती. उकंडरावांनी ते शेपूट तसंच वेढ्यात खोचलं आणि वल्हं चुलीवरच्या धुरात आडवं टांगलं. संध्याकाळी खाली काढलं तर वादी दगडासारखी. त्यांनी ते जात्यावर आपटून पाहिलं. "नांगर मोडन, पन हे मोडत नाई," ते म्हणाले.

नांगर पाण्यात चालवत नाहीत. ही गोष्ट त्या घरात बसलेल्या चार मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. भोयाच्या घरातल्या पोरानंसुद्धा ती सांगितली असती.

त्यात मी आणखी एक भर घातली. वच्छला अजून दोन दिवस राहणार होती. मी म्हणालो, "उद्या मी निघतोच आहे, चल, वाटेनं सोबत होईल." तिकडे निंदणाचे दिवस होते, सासूनं लवकर ये म्हटलं होतं. ती लगेच तयार झाली. उकंडराव म्हणाले, "राह्य ना वं दोन दिस." ती म्हणाली, "सोबत हाय तं जातो, बाबा."

सकाळी डोंग्यात आम्ही चौघं. उकंडराव, मी, वच्छला आणि तिच्या मांडीवर वर्षाचं पोर. पहिले वीस-पंचवीस हात वल्हं छान चाललं. मग ते खोचलेलं शेपूट सुटून पाण्यात लोंबायला लागलं. मी ते हातानं धरलं. उकडलेल्या शेवईसारखं लिबलिबीत झालं होतं. मला तत्क्षणी सगळं कळलं. उकंडरावांनाही कळलं. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, वादी सुटून राह्यली." त्यांनी वल्हं मारणं थांबवलं, सांधा मुठीत आवळून धरला, तरी पट्ट्या एकेक करून सरकल्या आणि पातं सुटून धारेला लागलं. हातात राहिली नुसती काठी, तळाला न पोचणारी.

डोंगा आडवा झाला. खाली शंभर पावलांवर नदीत काळा खडक आहे, त्यावर पाणी फुटत होतं. आडवा डोंगा त्याच्यावर आदळला असता तर पालथा झाला असता. उकंडराव पुढे सरकले, एक पाय आत रोवला, आणि खडक जवळ आला तेव्हा आपला उजवा हात मध्ये घातला. बैल अंगावर आला तर शेतकरी हात घालतो, तसा. डोंगा पालथा झाला नाही. खडकाला घासत कलला आणि फटीत अडकला. त्यांचा हात डोंगा आणि खडक यांच्यामध्ये होता. ते ओरडले नाहीत. वच्छला ओरडली.

पलीकडच्या शेतातली माणसं दोर घेऊन धावली. आम्ही तिघं कमरेइतकेही भिजलो नाही. पोर तर रडलंसुद्धा नाही. हाताला माझं धोतर फाडून बांधलं, बैलगाडीत घालून दुसरबीडला आणलं. तिथून एक ट्रक मेहकरकडे निघाला होता, त्यात उकंडरावांना बसवलं. वच्छला बरोबर गेली. मी जाणारच होतो. पाय ट्रकच्या फळीवर ठेवला होता. तेवढ्यात बुलढाण्याची मोटार आली.

मी मोटारीत बसलो. साहेबांनी मला दोन मिनिटं दिली आणि म्हणाले, आत्ताच तर गेलात, तीन वर्षं काढा, मग पाहू.

तीन वर्षं मी काढली. महिन्यानं उकंडराव परत आले तोवर गावानं निकाल देऊन टाकला होता. पंचमीचा दिवस मोडला, नागानं दाखवलं. मारुतीच्या पारावर शंकर सुतार छाती काढून सांगत होता, "म्या सांगतलं होतं, सोनं देल्लं तरी आज नाई." एकानं मला विचारलं, "मास्तर, बांधताना तुमीबी होते ना?" मी म्हणालो, "मी नुसतं टोक धरलं होतं." साप साप म्हणून गाव भुई धोपटत होतं, आणि साप पारावर बसून पान खात होता.

मोडक्या हातात रुमणा धरता येईना, शेत बटईनं गेलं. इंद्रभान नावाचा गडी डोंगा हाकू लागला, शंकरनं केलेल्या नव्या वल्ह्यानं. अकरा पावसाळ्यांची गोष्ट आता कोणी काढत नसे. पण उकंडरावांना खरा घोर या कशाचाच नव्हता. नागाच्या दिवशी आपण गाठ मारली आणि त्या डोंग्यात लेक होती, नातू होता. नाग डूख धरतो. आपला हात घेऊन त्याचं समाधान झालं नसलं तर? म्हणून त्यांनी ठरवलं, नागाचा राग उतरेपर्यंत वच्छलानं ही नदी ओलांडायची नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही, उन्हाळ्यात वाळूतूनही नाही. आणि कारण तिला सांगायचं नाही, कारण डुखाचं नाव काढलं की डूख माग काढत जातो. रोज सकाळी ते वारुळाशी दूध ठेवत, डाव्या हातानं नमस्कार करत आणि परत येत.

रुखमाबाई दरसाल पंचमीच्या आधी शाळेत कार्ड घेऊन यायच्या. लिहायला गावात मीच. त्या सांगायच्या, मी लिहायचो: "चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. यंदा पंचमीस येऊ नये." बस. पहिल्या साली मी विचारलं, कारण काय लिहू? त्या म्हणाल्या, "कारन लेहू नका." मी सुटलो. दुसऱ्या साली न विचारताच लिहिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

सहासष्ट साली त्या पुन्हा आल्या, पण या खेपेला पंचमी उद्यावर आली तेव्हा; कार्ड कोणाच्या तरी हाती धाडायचं होतं. शाळा सुटली होती. ओसरीवर बसल्या, कनवटीचं कार्ड काढून दिलं. मी टाक दौतीत बुडवला, "चि. सौ." लिहिलं. त्या म्हणाल्या, "आता पोरगं रानात धावत असन. गानीबी म्हनत असन." मला नव्हत्या सांगत, आपल्याशीच बोलत होत्या. पुढचं अक्षर माझ्या हातून उमटेना. मला रडू आलं म्हणालो तर खोटं होईल. मला स्वतःची किळस आली. अचानक आली, जेवताना भातात माशी दिसावी तशी.

"रुखमाबाई," मी म्हणालो, "हे पत्र मी लिहीत नाही."

"काऊन? शाई सरली?"

"घरी चला. दोघांना मिळून सांगायचं आहे."

त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. चिखलात रुतलेला डोंगा, कट्‌दिशी मोडलेला दांडा, वाटेवर जुळवून ठेवलेले तुकडे. काही गाळलं नाही. उकंडराव खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता शिवी देतील, आणि मला ती हवी होती.

ते म्हणाले, "पंचमीलेच मोडलं?"

"हो."

"सूर्य निघाल्यावर?"

"हो. तुम्ही वारुळाला गेला होता तेव्हा."

त्यांनी अंगठा करंगळीला लावून काही जुळवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला. राग नव्हता तो. तीन वर्षं डोक्यावर घेतलेला भारा खाली टाकल्यावर दिसतो तसा चेहरा होता.

"मंग पंचमी म्या नाई मोडली," ते म्हणाले. "मी तिकडे दूध ठेवून राह्यलो होतो, तवा तुमी इकडे लाकूड मोडून राह्यले होते. पैले तुमी मोडलं. आयकलं का वं? डूख आपल्या पोरीवर नाईच. डूख मास्तरवर हाय." आणि माझ्याकडे वळून, अगदी काळजीनं, "तुमी जपत जाजा, मास्तर. दूध ठेवत जा वारुळापाशी. मी जागा दाखवतो."

मी नागाबिगाला मानत नाही. पण त्या माणसानं माझी काळजी केली तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. वादी पाण्यात सैल पडते, यात नागाचा काही संबंध नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीन वर्षं मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. आता त्यांना सुटका मिळाली होती, तर तिच्यात शहाणपण कालवायचा मला काय अधिकार?

रुखमाबाईंना मात्र सुटकेशी घेणं नव्हतं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "दोन कारडं लेहले तुमी. तुमच्याच हातानं. हात थरथरला नाई?"

"नाही," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

"सकाळी जा. माह्या लेकीले घेऊन या."

"अन् डोंग्यात तिच्यासंगं बसू नका," उकंडराव म्हणाले. "गैरसमज करू नका, मास्तर. लेकराची माय हाय ती."

दुसऱ्या दिवशी पंचमी. डोंगा त्या दिवशी चालतो, फक्त धारेची वस्तू चालत नाही. इंद्रभाननं मला एकट्याला पलीकडे सोडलं. वच्छलाच्या दारात पोचलो तेव्हा ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मला पाहून तिचा हात थांबला. "बाबा बरे हायेत ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, न्यायला आलो आहे. सासू बाहेर आली. मी दोघींसमोर उभ्यानंच सांगितलं. घरी सांगितलं तसंच, न गाळता.

वच्छला आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन कार्डं होती, घड्या पडलेली.

"हे अक्षर तुमचं हाय ना?"

"माझं आहे."

"मले वाचता येत नाई. शेजारच्या पोरीकून वाचून घेतलं," ती म्हणाली. "बाबा म्हने, राह्य दोन दिस. म्या आयकलं नाई. म्या घाई केली म्हून बाबाचा हात गेला, म्हून बाबाले माह्यं तोंड पाह्यनं नाई, असं मले वाटे. माय बाजारात भेटे, पोरगं घरीच राहे, ती डोळे पुसे, बोले काईच नाई. मंग मले पक्कंच वाटलं." तिनं सासूकडे पाहिलं. "आत्याबाईले म्या सांगतलं होतं, माय बिमार हाय म्हून बोलावत नाई. दोन वर्सं हेच सांगून राह्यलो."

सासू आत गेली. नातवाचा नवा सदरा घेऊन आली आणि त्याला घालू लागली. मी तिथंच उभा होतो. बापाचा गुन्हा नव्हता, त्यानं तो घेतला. लेकीचा नव्हता, तिनंही घेतला, बापाला न सांगता. आई दोघांच्या मध्ये मुकी राहिली. एका दांड्याचा दोष घरातल्या तिघांनी वाटून घेतला होता आणि माझ्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. मी त्या तीन वर्षांत चार किलो वाढलो होतो.

दोन कोस ती पुढे चालली, मी मागे. पोराला तिनं माझ्याकडे दिलं नाही, मी मागितलंही नाही. पोर मधून मधून मागे वळून मला पाही. नदीवर आलो. इंद्रभान वाट पाहत होता. ती डोंग्यात बसली आणि माझ्यासाठी जरा सरकली.

"मी नाही येत बरोबर," मी म्हणालो. "बाबांनी सांगितलं आहे."

सरकली होती ती पुन्हा मध्ये येऊन बसली. इंद्रभाननं डोंगा लोटला.

पलीकडे उकंडराव उभे होते, मागे रुखमाबाई. डोंगा अर्ध्यावर आला तेव्हा उकंडराव पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. इंद्रभान ओरडून त्यांना मागे व्हा म्हणत होता, ते ऐकत नव्हते. डोंगा टेकायच्या आधीच त्यांनी नाक धरलं, त्याच उजव्या हाताच्या दोन बोटांनी, आणि ओढायला लागले. बोटं निसटत होती, ते पुन्हा धरत होते. वच्छला पोरासकट पाण्यातच उतरली. एवढ्या लांबून शब्द काही कळले नाहीत. एक दिसलं, बाप काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवून नाही नाही म्हणत होती, मग ती सांगत होती आणि बाप नाही नाही म्हणत होता. रुखमाबाईंनी पोर उचललं. सगळे चढण चढून चिंचेमागे दिसेनासे झाले. इंद्रभानही त्यांचं गाठोडं घेऊन मागोमाग गेला.

डोंगा पलीकडच्या काठाला लागलेला होता आणि मी अलीकडे. दुपार झाली. इंद्रभान विसरला, की त्याला कोणी थांबवून जेवायला बसवलं, मला ठाऊक नाही. हाक मारली असती तर आला असता. मी मारली नाही.